गांगुर्डेंचा कान आणि त्याची चावी

अंबरनाथ पश्चिमेला शिवराम गांगुर्डे समोरून येताना दिसले की माणसं रस्ता बदलायची. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. भीती एवढीच, की हा गृहस्थ आता थांबवून कंप्युटरविषयी विचारणार. कारखान्यात मापयंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आणि रिटायर झाल्यावर ते मुक्त सॉफ्टवेअरच्या नादाला लागले. म्हणजे ज्याच्या आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं, शेजाऱ्याला देता येतं, असं सॉफ्टवेअर. लग्नाला गेले तर स्टेजवर चढून नवरदेवाला शुभेच्छा द्यायच्या आधी विचारायचे, "लॅपटॉपवर काय चालवता?" एकदा बुद्धविहाराच्या महिला मंडळाचा कंप्युटर त्यांनी असा काही मोकळा करून दिला, की पुढचा आठवडाभर प्रिंटर कुणाचं ऐकेना. बायका तणतणत त्यांच्या घरी गेल्या. जनाबाई, म्हणजे गांगुर्डेंच्या मंडळी, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तक्रार कुणाला सांगता? तुमचा प्रिंटर तरी बंद पडला. माझ्याकडे तर हे आयुष्यभरासाठी इन्स्टॉल झालेत."

उल्हासनगरात जुने कंप्युटर विकणारे होतूभाई हे गांगुर्डेंचे जिवलग दोस्त, आणि शत्रूही तेच. होतूभाई प्रत्येक गिऱ्हाइकाला चोरीचं सॉफ्टवेअर हसत हसत टाकून देणार आणि वर म्हणणार, "शिवराम साईं, मैं भी तो फ्री में देता हूँ!"

"तू फुकट देतोस, मी मोकळं देतो. तुझ्या फुकटाची चावी दुसऱ्याच्या खिशात असते, होतू."

"अरे साईं, चावी का क्या करना है? दरवाजा तो खुला है ना?"

हा वाद दर भेटीत व्हायचा आणि दर वेळी चहावर मिटायचा.

हे सगळं चेष्टेवारी चाललं होतं तोवर बरं होतं. मग गांगुर्डेंचे कान गेले. कारखान्याच्या आवाजाने आधीच कुरतडले होते, सत्तरीला पोचेपर्यंत उरलंसुरलंही गेलं. आता या माणसाला ऐकू आलं नाही तर गावाला सुटल्यासारखंच वाटलं असतं, पण गोष्ट पेटीची होती. गांगुर्डे हार्मोनियम वाजवायचे आणि जनाबाई गायच्या. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असलं तर तिथेही. डाव्या हाताला यांची पेटी नसताना जनाबाई माइकसमोर उभ्या राहिल्याचं कुणाला आठवत नाही.

मुलगी भावना ऑफिसात चांगल्या जागेवर. तिने वडिलांना कानातलं मशीन घेऊन दिलं. माणसांचं बोलणं लख्ख ऐकू यायला लागलं. गांगुर्डेंनी घरी येऊन पेटी उघडली, सा धरला, आणि सूर अर्ध्यात विरघळला. परत धरला, परत गेला. भाता नीट, पट्ट्या नीट. जनाबाईंना पेटी स्वच्छ ऐकू येत होती. यांच्याच कानात तो सूर कुणीतरी गिळत होतं.

मग या पठ्ठ्याने काय करावं? पेटी रिक्षात घातली आणि बदलापूरला, जिथून मशीन घेतलं त्या सेंटरवर जाऊन बसले. तिथल्या वैदेही मॅडम पोरसवदा, पण स्वभावाने गोड. गांगुर्डेंनी खुर्चीवर पेटी ठेवून सूर लावला तेव्हा बाहेर नंबर लावून बसलेले म्हातारे दारात येऊन उभे राहिले. त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, तरी मान डोलवत होते.

वैदेही म्हणाली, "काका, लांबलेला एकसारखा सूर म्हणजे मशीनला वाटतं, शिट्टी वाजतेय. ते ती दाबून टाकतं. संगीतासाठी वेगळी सोय असते, पण या मॉडेलमध्ये ती बंद आहे. वरच्या मॉडेलमध्ये मिळते."

"वरच्या मॉडेलमध्ये वेगळा पार्ट असतो?"

ती जरा अडखळली. "नाही. मशीन तेच असतं. सॉफ्टवेअरने बंद ठेवलेलं असतं."

"म्हणजे ती सोय आता माझ्या कानात आहे?"

"हो, तसं म्हटलं तर आहे."

"मग उघडून द्या ना."

"काका, ते माझ्याही हातात नाही हो. कंपनीकडून होतं."

गांगुर्डे पेटी घेऊन परत आले. भावना फोनवर म्हणाली, "पप्पा, वरचं घेऊन टाकू." ते म्हणाले, नको. आमची त्यांची भिंत एकच; त्या रात्री त्यांच्या घरातून जे ऐकू आलं ते भिंतीला कान न लावताही ऐकू आलं असतं.

"अहो, मुलगी देतेय तर घ्या की!"

"कान माझा, पेटी माझी, आणि काय ऐकायचं ते त्यांनी ठरवायचं?"

"तुमचं तत्त्व राहू द्या तुमच्यापाशी. त्यापायी मी एकटीने गायचं का?"

यावर गांगुर्डेंचा आवाज आला नाही. मशीन काढून ठेवलं असावं.

सकाळी ते उल्हासनगरला गेले. परदेशातल्या काही अभ्यासकांनी कानाच्या मशीनचं मुक्त सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांसाठी ठेवलंय, ते त्यांना सापडलं होतं. होतूभाईंनी पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कंप्युटर, दोन माइक, बॅटरी काढून दिली. "साईं, कान भी अब असेंबल करोगे?" म्हणाले, पण ते सगळं एका डबीत जोडताना स्वतः शेजारी बसून राहिले. गांगुर्डे ती डबी गळ्यात पिशवीत अडकवून हिंडायला लागले, दोन्ही कानांत वायरी. पोरं म्हणायची, काका चार्जिंगला लावलेत.

पण सूर आला. गांगुर्डेंनी सा धरला आणि तो धरलेलाच राहिला. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ नाक शिंकरत होते.

विहारात तालमीला मात्र ढोलकीवाल्या नरेंद्रने दुसऱ्याच कडव्याला हात थांबवला. "काका, तुमची पेटी पार्सलने येते काय?"

घोटाळा असा होता, की आवाज माइकमधून डबीत जाणार, तिथे सॉफ्टवेअर त्याच्यावर काम करणार, मग कानात येणार. त्याला निमिषभर उशीर व्हायचा. बोलण्यात तो कळत नाही, गाण्यात गळा कापतो. जनाबाईंनी गाण्यातली एखादी जागा घेतली की पेटीवरचा यांचा हात मागून पोचायचा. नरेंद्रने सरळ सांगितलं, "जयंतीला असंच झालं तर मी कीबोर्डवाला आणणार. राग मानू नका."

गांगुर्डे रोज सॉफ्टवेअरचे आकडे बदलत बसले. उशीर थोडा घटायचा, आवाज फाटायचा. आवाज सुधारायचा, उशीर वाढायचा.

जयंतीला पेटी वाजली, आणि बरोबर वाजली. गांगुर्डे फुलून गेले होते. लोक मात्र दुसरंच कुजबुजत होते. जनाबाई थकल्या. लय उतरली. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास घ्यायला थांबतात, म्हणे. मी भाजीवाल्याकडे त्यांना गाठून विचारलं, "काय वहिनी, दम लागतो वाटतं हल्ली?" त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि डोळे असे वटारले, की उत्तर मिळालं. "घरात यांच्यापाशी एक शब्द बोललात तर बघा."

शब्द बोलायची वेळ त्यांच्यावरच आली. एका संध्याकाळी चहाच्या निमित्ताने त्यांच्याकडे बसलो होतो. गांगुर्डे कंप्युटरवर टाइप करत होते, अगदी खुशीत. "आपले सगळे आकडे त्या परदेशातल्या मंडळींना पाठवतोय. जगात कुठे बहिरा वाजवणारा असेल, तो हेच घेईल आणि वाजवेल. खाली लिहिलंय, कार्यक्रमात वापरून पाहिलं, गाणाऱ्याबरोबर व्यवस्थित चालतं."

जनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पाठवू नका."

"का?"

"त्या बहिऱ्याच्या घरी मी नसणार."

गांगुर्डेंनी कानातली वायर दाबली, नीट ऐकू आलं नाही असं समजून. त्या जवळ आल्या आणि पिशवीतल्या माइकपाशी वाकून बोलल्या, "मी थांबत होते. प्रत्येक ओळीला."

गांगुर्डेंचे टाइप करणारे हात थांबले.

"किती थांबायचीस?"

"मोजलं नाही. तुमचा हात येईपर्यंत."

गांगुर्डेंनी चष्मा पुसला. खालची ओळ खोडली आणि नवी लिहिली. लिहिताना पुटपुटत होते म्हणून कळली: गाणारी थांबत होती. उशीर अजून आहे. कुणाला कमी करता आला तर कळवा. मग पाठवून दिलं. नरेंद्रला फोनही त्यांनीच केला.

बुद्धपौर्णिमेला कीबोर्डवाला पोरगा आला. बरा वाजवतो. गांगुर्डे पुढच्या रांगेत डबी गळ्यात घालून बसले होते. परदेशातून उत्तर आलेलं नाही, रोज सकाळी बघतात. भावनाने वरच्या मॉडेलचं पुन्हा काढलं, तर यांनी पेटीवर खोळ चढवली आणि खोलीत निघून गेले.

जनाबाई आता मूळच्या लयीत गातात. ओळ संपली की मात्र सवयीने जराशा थांबतात, आणि कीबोर्डवाला पोरगा पुढे निघून गेलेला असतो.