मारिसेलचा ग्लास

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखनाच्या चुका जागोजागी सापडतील, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीतच सुटली आणि त्यानंतर लिहिणं झालं ते फक्त भावाला पत्र पाठवण्यापुरतं. चारचौघांत बोलणंही मला जमत नाही. मारिसेल गेली तेव्हा चर्चमध्ये तिच्यासाठी एकेक जण उठून बोलला, माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले, मान हलवली आणि खाली बसले. ते बोलायचं राहून गेलं, म्हणून आता कागदावर लिहिते आहे. तिच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते पक्कं ठाऊक आहे, त्यात चूक नाही.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी भज्यांचं पीठ भिजवत होते. शनिवार होता आणि दुपारच्या ट्रेनने मी आणि विकास तिला भेटायला कॉव्हेंट्रीला निघणार होतो. विकास माझ्या भावाचा मुलगा. त्यानेच फोन उचलला, "हां, बोल जॉय" म्हणाला, आणि फोन कानाला धरूनच खाली बसला. जॉय म्हणजे मारिसेलची धाकटी बहीण. मी पिठाचा हात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "आत्या, भजी कर तू. त्यांच्याकडे माणसं येतील." मग मी भजी केली आणि ठरल्या ट्रेनने आम्ही गेलो.

मारिसेल माझ्याकडे राहायला आली ती माझे मिस्टर गेल्याच्या पुढच्या वर्षी, दोन हजार तीन-चारच्या सुमारास. लंडनजवळ इल्फर्डला आमचं घर, त्या घराचा खर्च मला एकटीला झेपेना, म्हणून वरच्या खोल्या भाड्याने द्यायचं ठरवलं. विकास नुकताच शिकायला आला होता आणि त्याच्या कॉलेजात फिलिपिन्सची बरीच मुलं होती. त्यातली तिघं आली, मारिसेल, तिचा मावसभाऊ रोमेल आणि लेन नावाची मैत्रीण. सगळी बावीस-तेवीस वर्षांची, दिवसा कॉलेज आणि उरलेल्या वेळात म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये काम. विकास मला आत्या म्हणतो हे ऐकून आठवड्याभरात तीही आत्या म्हणू लागली. कुणी मोठं माणूस दिसलं की ही मुलं त्याचा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावतात. पहिल्या दिवशी मारिसेलने माझा हात असा कपाळाला लावला तेव्हा मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

शनिवारी दुपारी ती मुलं मागच्या गार्डनमध्ये खुर्च्या टाकून बसायची. कॉलेजातले आणखी दोघे यायचे, विकासही जाऊन बसायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एवढी सहा माणसं, बाटली एक आणि ग्लासही एकच. ग्लास मारिसेलच्या हातात. ती थोडी जिन ओतून एकाला द्यायची, तो ग्लास रिकामा करून परत तिला द्यायचा, मग ती त्यातच पुढच्याला ओतायची. असा तो ग्लास सगळ्यांच्या तोंडाला लागून फिरत राहायचा. बशीत लसूण घालून तळलेले शेंगदाणे, बाजूला पाण्याचा जग. लेन ग्लास हातात धरून गप्पा मारत बसली की रोमेल म्हणायचा, "लेन, तो माइक नाहीये. गाणं म्हणणार असशील तर म्हण, नाहीतर पुढे दे."

दारूचं मला वावडं आहे आणि त्याला कारण आहे, ते पुढे येईल. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी दारूपेक्षा मला त्या उष्ट्या ग्लासाचीच जास्त शिसारी आली. आमच्या घरी आईसुद्धा माझ्या पेल्यातलं पाणी प्यायची नाही. एक गोष्ट मात्र मनात राहिली. बाटली उघडली की पहिला घोट मारिसेल गवतावर ओतायची. विकासला विचारलं तर म्हणाला, जे आता नाहीत त्यांच्यासाठी. आमच्याकडे जेवणाआधी पानाबाहेर घास काढून ठेवतात, तसंच झालं की ते. त्या दिवसापासून मी विकासबरोबर भज्यांची ताटली बाहेर पाठवू लागले. स्वतः नाही गेले.

मग तिचा वाढदिवस आला. मी हायस्ट्रीटवरच्या दुकानातून सहा काचेच्या ग्लासांचा बॉक्स आणला, चांगला कागद लावून तिला दिला. मनात म्हटलं, गरिबीमुळे एका ग्लासात पितात बिचारी. तिने बॉक्स उघडला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि हसून थँक्यू म्हणाली. मोठ्या माणसाने दिलेली वस्तू बाजूला ठेवायची त्यांच्यात पद्धत नाही. त्या दुपारी प्रत्येकाच्या हातात आपापला ग्लास होता आणि मी खिडकीत समाधानाने उभी होते. अंधार पडायच्या आत विकास बाथरूमच्या फरशीवर आडवा होता. कधी किती घेतली ते त्याला सांगता येईना आणि दुसऱ्या कुणालाही सांगता येईना. मारिसेलने त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल दिला, अँब्युलन्सवाल्यांशी तीच बोलली. ते येऊन तपासून गेले, लक्ष ठेवा म्हणाले. ती त्याच्यापासून हलली नाही.

सकाळी तिने ते सहा ग्लास धुऊन, पुसून, परत बॉक्समध्ये भरून माझ्यासमोर ठेवले. माझं इंग्रजी मोडकं, म्हणून ती नेहमी सावकाश बोलायची. "आत्या, रागावू नका. एक ग्लास असला की कुणी किती घेतली ते मला कळतं. ज्याला जास्त झाली त्याला मी थेंबभर ओतते, कधी नुसता अननसाचा ज्यूस देते, कुणाला पत्ता लागत नाही. सहा ग्लासांत मी आंधळी होते."

मी खाली बसले. आणि जे मी भावालाही कधी सांगितलं नव्हतं ते त्या पोरीला सांगितलं. माझे मिस्टर प्यायचे. बाहेर कधी नाही, मित्रांत कधी नाही. कामावरून आले की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे, त्यांचा स्टीलचा पेला वेगळा होता, तो मी घासून पालथा घालून ठेवायची. सगळी म्हणायची, किती सज्जन माणूस. लिव्हर गेलं तेव्हा डॉक्टरांनी किती पितात विचारलं, तर मला सांगता येईना. मारिसेलने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांना ओतून कोण द्यायचं?"

मी म्हटलं, "कोण देणार? तेच."

तिने माझा हात घेऊन कपाळाला लावला... या वेळी मी तिला चहा केला.

त्या चहावर तिने तिचं सांगितलं. त्यांच्या गावी कॉलेज सुटलं की मुलं चार-चार पैसे काढून एक बाटली घेतात आणि कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानापुढे बाकड्यावर बसतात. परीक्षा झाली म्हणून, नापास झालो म्हणून, कुणाचं प्रेम मोडलं म्हणून. पहिल्यांदा तोंड वाकडं करूनच सगळे पितात, पण पुढे आलेला ग्लास नाही म्हणायचा नसतो, नाही म्हटलं तर मैत्रीच नाकारली असं धरतात. ओतणारा शहाणा असला तर सगळं ठीक. पण ओतणाराच चढलेला असला तर कोण कुणाकडे बघणार? तिच्या वर्गातला नोएल नावाचा मुलगा असाच उठून मोटरसायकलवर बसला आणि घरी पोचला नाही. ओतणारा त्या दिवशी बाकड्यावरच झोपला होता आणि मारिसेल शेजारी बसून हसत होती. "दुसऱ्या दिवसापासून बाटली मी घेतली," ती म्हणाली. गवतावरचा पहिला घोट कुणासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

विकासचं खरं दुखणं तिनेच ओळखलं. एकदा म्हणाली, "बाकीचे गप्पांसाठी येतात, आत्या. हा तहानलेला येतो." चौकशी केली तेव्हा कळलं की तो इतर पोरांबरोबर पबमध्येही जात होता आणि भावाने प्रॉव्हिडंट फंडातून काढून पाठवलेली टर्मची फी त्यात गेली होती. कॉलेज नाव काढून टाकणार, मग व्हिसा जाणार. माझ्या भावाने एअरपोर्टवरून मला फोन करून सांगितलं होतं, ताई, पोरगं तुझ्या हवाली करतोय. आता त्याला काय तोंड दाखवू? माझ्याजवळ तेवढे पैसे नव्हते. नवरा मी हातचा घालवला होता आणि भावाचा मुलगाही त्याच वाटेने निघालेला मला समोर दिसत होता.

मारिसेलने साठवलेले पैसे काढून त्याची फी भरली. वर दोन अटी घातल्या. दर शनिवारी त्याने टेबलापाशी यायचं आणि बिस्किटांच्या डब्यात सगळ्यांदेखत दहा पौंड टाकायचे. आणि इथून पुढे ओतायचं काम त्याचं.

हे ऐकून मी पहिल्यांदाच गार्डनमध्ये गेले. हातात पोळ्यांचं लाटणं तसंच होतं. "ज्याला सोडवायचं त्याच्याच हातात बाटली देतेस?"

"ओतणाऱ्याला शुद्धीत राहावंच लागतं, आत्या. सगळ्यांना घरी पोचवायचं असतं. त्याला बाटलीकडे नको, माणसांकडे बघू दे."

रोमेल म्हणाला, "आणि हातात लाटणं घेऊन आत्या उभ्या राहिल्या तर मीसुद्धा सोडतो." सगळी हसली, मलाही हसू आलं. पण मी परत आत गेले नाही, तिथेच खुर्ची घेऊन बसले. त्यानंतर दर शनिवारी बसत गेले.

दारूने दारू सुटते असं मी म्हणणार नाही. दारू ती दारूच, तिचा थेंब मी आजही घेतलेला नाही. विकासही काही एका रात्रीत सुधारला नाही. दोनदा तो शनिवारी आलाच नाही, तेव्हा मारिसेल डबा काखेत मारून त्या पबच्या दारात जाऊन उभी राहिली. आत गेली नाही, हाक मारली नाही, नुसती उभी. तिसऱ्यांदा तिला जावं लागलं नाही. पुढे मी बघत गेले, लेनचे डोळे जड झाले की तो तिच्या वाटणीचा घोट स्वतःच कमी करायचा, रोमेलला सकाळची ड्यूटी असली की ज्यूस पुढे करायचा. सगळ्यांवर नजर ठेवता ठेवता त्याची स्वतःची पाळी यायचीच नाही. त्याचा कोर्स झाला, नोकरी लागली, आणि भावाला मी छातीठोकपणे सांगू शकले की तुझा मुलगा ठीक आहे.

मारिसेलला कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात काम मिळालं, पाठोपाठ जॉयही आली. विकासचा पगार सुरू झाल्यावर तो म्हणाला, एकदम सगळे देऊन टाकतो. तिने घेतले नाहीत. "दहाच. स्वतः येऊन." मग आम्ही महिन्यातून एक शनिवार ट्रेनने जायला लागलो, भज्यांचा डबा माझ्या मांडीवर आणि दहाची नोट त्याच्या खिशात. असं वर्षानुवर्षं चाललं. गेल्या वर्षी तिला पोटाचा आजार निघाला, आणि कळलं तेव्हाच उशीर झाला होता.

शेवटच्या भेटीत ती उशांना टेकून बसली होती. हात काड्यांसारखे झाले होते. तरी तिने तो ग्लास मागवला, जगमधलं पाणी स्वतः ओतलं आणि आम्हाला एकेकाला दिलं. मला मात्र तिने जॉयकरवी वेगळा कप दिला. इतक्या वर्षांत माझी सवय ती विसरली नव्हती. विकासने डब्यात नोट टाकली आणि हिशोब सांगितला, "आता एकच राहिली. तीही आजच टाकतो."

"पुढच्या वेळी," ती म्हणाली. "नाहीतर तू यायचा बंद होशील."

त्यांच्यात चाळीसावा दिवस करतात, आपला तेरावा असतो तसा. त्या दिवशी रोमेल आणि लेन लांबून आले. जॉयच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर मारिसेलचा फोटो, शेजारी बिस्किटांचा डबा, माझी भजी आणि तो ग्लास. जाड बुडाचा, कडेला थोडा टवका उडालेला. विकास तो ग्लास हातात धरून नुसता बसला. मग रोमेल म्हणाला, "ओत ना, माइक धरून काय बसलास?" आणि लेन हसता हसता रडायला लागली.

विकासने बाटली उघडली. खाली कार्पेट होतं, म्हणून पहिला घोट त्याने खिडकीतल्या मारिसेलच्या कुंडीत ओतला. मग एकेकाला दिलं. ग्लास सगळ्यांच्या तोंडाला लागून फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा जॉय कप आणायला उठली. मी तिला बस म्हटलं. विकासने ग्लासात अननसाचा ज्यूस ओतला आणि माझ्याकडे न बघता पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला, सगळा प्यायले आणि रिकामा करून त्याच्या हातात दिला.

त्याने ग्लास फोटोपाशी ठेवला. खिशातून दहाची नोट काढली, हाताने सरळ केली आणि डब्यात टाकली. जॉयने झाकण दाबून बसवलं. त्यांच्यात मोठ्या भावाला कुया म्हणतात.

"कुया," ती म्हणाली, "ताईचे सगळे फिटले. पण पुढच्या महिन्यातही या."