डब्यामागची बारीक अक्षरं

उत्तममामा गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा आठवलं ते एक तेल... दीड महिना झाला, अजून तेच आठवतं.

आखाडा बाळापूरच्या रस्त्यावर मामांचं गॅरेज होतं. सुट्टीत मी तिथं जुन्या टायरवर बसून पाहत राहायचे. मी इंग्रजी शाळेतली. गिऱ्हाइकांसमोर तोंडातून शब्द निघायचा नाही. मामा नवं तेल दोन बोटांत चोळून वास घ्यायचे, मग माझ्या बोटावर एक थेंब टेकवायचे. "काय वाटतं, माय?" मी खांदे उडवायचे. घरी मात्र कितीतरी वेळ बोट हुंगत बसायचे.

मी कॉलेजात होते त्या वर्षी तांड्यावरचे शेषरावकाका जुनी जीप घेऊन आले. ओल्या रानातून हळदीची पोती काढायला त्यांनी ती मुद्दाम घेतली होती. एक चाक चिखलात नुसतं फिरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा, असं तिचं मागचं डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी गिअरपेटी, होतं. मामांनी तसलं आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तेलाचे दोन डबे माझ्यापुढे ठेवले. "वाच बरं, कोणतं चालंल?" चार माणसं बघत होती. मी एका डब्यावरची मोठी इंग्रजी अक्षरं वाचली: नव्वद नंबर, जड कामासाठी. "हे," मी म्हणाले. चारचौघांत तिथं मी बोललेला तो पहिला शब्द.

तीन दिवसांनी काका परत आले. वळणावर मागून कटकट आवाज येत होता, गाडी धक्के देत होती.

"मेस्तरी, चांगली वाट लावली तुमी. हळद निघाली, अन् मी आता नांदेडचा बाजार कसा गाठू?"

मामांनी हात पुसले. "तेल चुकलं. चूक माझी हाय. उद्याच्याला गाडी बराबर करून देतो."

मी डब्याकडे पाहत राहिले.

सगळे गेल्यावर डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. असल्या डिफरन्शियलला हे तेल वापरू नये, असं तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं. नव्वद हा आकडा फक्त जाडी सांगत होता. मी मोबाइलवर डिफरन्शियलच्या आतलं चित्र शोधलं, मामांनी ते बोटांनी मोठं केलं. "ह्या तर क्लचप्लेटीच." वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, तेव्हा त्या चकत्यांनी हळूच घसरायला हवं; साध्या तेलात त्या अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. योग्य तेलात त्यासाठी वेगळं द्रव्य मिसळलेलं असतं. ते जास्त झालं तर चकत्या धरायच्याच नाहीत.

"म्हंजे घसरू द्यायचं, पण सोडायचं न्हाई," मामा म्हणाले. "एकच तेल दोन्ही कसं करतं, माय?" मलाही तेच विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचून शोधलेलं योग्य तेल घालून मामांनी जीप बाजाराच्या रिकाम्या मैदानात नेली. तेल चकत्यांमध्ये शिरावं म्हणून हळूहळू इंग्रजी आठाचे फेरे घेतले. मी शेजारी बसले होते.

"ऐकून राहिली का?"

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच तर."

मामांच्या दहाव्याला शेषरावकाका आले होते. मला पाहून मामींना म्हणाले, "बराबर तेल ह्याच पोरीनं शोधलं व्हतं. मेस्तरी सांगायचे."

"चुकीचंही मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली.

काका गोंधळले. "मंग मेस्तरी काहून आपल्यावर घेऊन राहिले?"

उत्तर मामींनी दिलं. "मी बी तेच इचारलं व्हतं. म्हणले, पोरगी पहिल्यांदा बोलली. आज चूक दाखवली तर पुन्हा तोंड उघडायची न्हाई."

काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बरं बाई, ते तेल आता किती दिवसानं बदलायचं?"

मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं, आणि वाचून कळवते म्हणून त्यांचा नंबर घेतला.