शिडाच्या बोटीवर जागा

नोएडातल्या आमच्या ऑफिसात मराठी दोघंच, मी आणि माझे एक वरिष्ठ. पन्नाशीचे, जन्म दिल्लीतला. जेवणानंतर गळ्यातल्या ओळखपत्राची नाडी काढून ते खुर्चीच्या हाताला खलाशांच्या गाठी मारत बसत. कुणीतरी शिडाच्या बोटीवर नवखा खलाशी म्हणून घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं. नकार आला की म्हणत, “अच्छा, चलो, पुढचा बघू.” आवाज दर वेळी थोडा अधिक थकलेला.

एकदा कोचीहून निघणाऱ्या बोटीच्या कप्तानाचा फोन आला. स्वयंपाक येतो? “बिल्कुल, सर.” बोट लागते का, उलट्या वगैरे? “पता नहीं, सर. समंदर में कभी गया ही नहीं.”

तिकडून नकारच आला.

“सर, ‘नाही लागत’ म्हणायचं ना!” मी कळवळलो.

“अरे यार, मी पहाऱ्यावर असताना बाकीचे माझ्या भरवशावर झोपणार. त्यांच्याशी खोटं बोलून बोटीवर चढू?”

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यांनी नाडी काढलीच नाही. मग मीच माझी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

“मला शिकवा, सर.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला बोट लागते का रे?”

“माहीत नाही, सर.”

त्यांनी नाडी उचलली.