रस्त्याच्या बाजूचं भात

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शिवराम भोईर शेतात उकिडवा बसून, आडवं पडलेलं भात सुतळीने जुडीजुडीने उभं बांधत होता. दुसऱ्या दिवशी शिवारफेरी होती. टिटवाळ्यामागच्या या गावातले शेतकरी त्याचं भात बघून गोळी वापरायची की नाही ते ठरवणार होते.

गोळी म्हणजे युरियाची घट्ट वडी. फेकलेला युरिया बराचसा पाण्याबरोबर आणि हवेत जातो. भाताच्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्यांच्या, मधे चिखलात दाबलेली गोळी हळूहळू विरघळते, मुळांना मिळते आणि खत कमी लागतं. कृषी सहायक ऋजुता मॅडमनी हे समजावलं होतं. गोळ्या दाबल्या होत्या शिवरामच्या बायकोने, सगुणाने. वाकून वाकून तिची कंबर धरली होती.

शिवरामचा सगळा जन्म ठाण्याच्या कारखान्यात फिटर म्हणून गेला. मोठे साहेब येणार असले की तिथे यंत्रांना दिसणाऱ्या बाजूनेच रंग मारत. निवृत्तीनंतर तो शेतात उतरला, ती नजर घेऊनच. श्रावणात बाकीच्यांची शेतं काळपट हिरवी दिसत होती, त्याचं जरा फिकं. चहाच्या टपरीवर गावातला शेतकरी धाकू म्हणाला, "काय रं शिवरामदादा, भाताला कावील झाली का?" सगळे हसले. त्या संध्याकाळी शिवरामने सगुणाला न सांगता युरिया फेकला. फक्त रस्त्याकडच्या पट्ट्यात. लोकांना तेवढंच दिसत होतं.

तो पट्टा जादा खताने हिरवागार माजला, ताटं उंच पण मऊ झाली आणि लोंब्या भरताच भात लोळलं. मागचं भात ताठ उभं होतं.

सगुणा बांधावर येऊन थांबली. "काय करताय हे?"

"वाऱ्यानं पडलंय."

"वारा काय रस्त्याकडूनच शिरला?"

शिवरामने सुतळीची गाठ मारली. ती नीट बसली नाही.

"युरिया टाकलात ना? माझ्या गोळ्यांवर?"

त्याने होकारार्थी मान हलवली. वर बघितलं नाही. सगुणा कंबरेवर हात ठेवून जुड्यांकडे वळली. ती रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावर धाकूची मोटरसायकल थांबली. "दादा, गोलीनं झोपवलं का भात? बरं झालं, मी नाय घेतली."

हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. सगुणा जुड्यांकडे बघत होती.

"गोळीनं नाय," शिवराम म्हणाला. त्याचे कान तापले होते. "मी वरून युरिया फेकलेला. एवढ्याच पट्ट्यात."

"एवढ्याच? का रं?"

"तू कावीळ म्हणालेलास."

धाकू हसायला लागला, पण सगुणाचा चेहरा बघून त्याने गाडीला किक मारली.

शिवराम एकेक गाठ सोडत गेला. जुड्या पुन्हा आडव्या झाल्या. मग त्याने ऋजुता मॅडमना फोन केला. फेरी मागच्या बांधाकडून न्या, अशी गळ त्यानेच त्यांना आदल्या दिवशी घातली होती.

"मग आता कुठून सुरू करू?" त्यांनी विचारलं.

"रस्त्याकडून. का पडलं ते मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता शिवारफेरी रस्त्याकडच्या पट्ट्यापासून सुरू होणार होती.