पाच दहाचा पंखा

त्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पंखा थांबला. माझे पती उठले नाहीत. मी हाक मारली, मग हलवलं. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि कागदावर वेळ लिहिली. दुपारी आम्ही पतींना स्मशानात घेऊन गेलो.

पंख्याविषयी आधी सांगायला हवं. बदलापूरला कात्रपमध्ये तिसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. तिथे मी, माझे पती आणि सासरे असे तिघं राहत होतो. दोन वर्षांपूर्वी पतींनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका दुकानातून मोबाइलवर चालणारा पंखा आणला आणि आमच्या झोपायच्या खोलीत लावला. भिंतीवरचा रेग्युलेटर काढून तिथे पांढरी पट्टी बसवली. हॉलचा पंखाही बदलायचा त्यांचा विचार होता, पण सासरे आडवे आले. "माझ्या डोक्यावरचा पंखा माझ्याच हातात राहू दे," ते म्हणाले.

पतींना अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला पोचायचं असे. माझी शाळा दुपारची. अंबरनाथ पश्चिमेला एका शाळेत मी ग्रंथपाल आहे. गजर वाजला की मलाही जाग येते, आणि मग मला पुन्हा झोप लागत नाही. म्हणून त्यांनी पंख्याला वेळ लावून दिली होती. पाच दहाला पंखा आपोआप बंद व्हायचा. वारा थांबला की त्यांना लगेच जाग यायची. मला जरा वेळाने आली असती, पण तोवर ते उठून, दाराशी उभे राहून, मोबाइलवरून पंखा पुन्हा सुरू करायचे. थांबवण्याचं काम पंखा करायचा, सुरू करण्याचं ते करायचे. त्या मधल्या अर्ध्या मिनिटाचा मला कधी पत्ता लागला नाही. त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी नुसतं हसले होते.

ते गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाच दहाला पंखा थांबला, आणि थांबलेलाच राहिला.

मला घाम आला, जाग आली. मी वर पाहत पडून राहिले. सहा वाजता उठले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मोबाइल त्यांच्या उशीशी होता, तो उघडायचा क्रमांक मला माहीत होता, पंखा लावणं सहज शक्य होतं. उठेपर्यंत मी लावला नाही. घरात त्यांनी ठरवलेली एकच गोष्ट अजून ठरल्या वेळी होत होती, आणि तिच्यात हात घालायची माझी तयारी नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी त्यांचा फोटो मोठा करून घेतला होता. कार्यक्रम झाल्यावर तो कुठे लावायचा हा प्रश्न आला. मला वाटलं, हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या बाजूला लावू. सासरे नाही म्हणाले. "ती जागा वंदनेची आहे, सूनबाई. आपला पोरगा कितीही चांगला असला तरी त्या ओळीत बसत नाही." मग त्यांनी स्वतः स्टुलावर चढून आमच्या खोलीत खिळा ठोकला. फोटोखाली एक फळी बसवली. हॉलमधली वंदना झाली की ते रोज संध्याकाळी त्या फळीवर एक मेणबत्ती लावू लागले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पंख्याचं कनेक्शन तुटायला लागलं.

एका सकाळी मला सहाला जाग आली तेव्हा पंखा फिरत होता. मी दचकून उठले. त्यांच्या मोबाइलवर पंख्याच्या नावापुढे 'ऑफलाइन' असं आलं होतं. मी पंख्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक शोधलं, बसून पूर्ण वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या. भिंतीवरचा स्विच सलग पाच वेळा बंद-चालू केला की पंखा जुनं वाय-फाय विसरतो आणि नव्याने जोडून घ्यायला तयार होतो, असं त्यात होतं. त्या वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या. तसं केलं, वाय-फायचा पासवर्ड भरला. मोबाइलने विचारलं, हा तुमचा जुनाच पंखा आहे का? मी हो म्हटलं. जुन्या वेळा परत आल्या. दुसऱ्या दिवशी पाच दहाला तो थांबला.

तीन दिवसांनी पुन्हा तुटलं. मग दोन दिवसांनी. मग आठवडाभर ठीक, मग लागोपाठ दोनदा.

मी एक वही केली. कधी तुटलं, कधी जोडलं, मध्ये काय बदललं ते लिहू लागले. वाय-फायचा डबा हॉलमधून पॅसेजमध्ये आणला. लोखंडी कपाट आडवं येतं असं कुणी म्हणालं, म्हणून शेजाऱ्यांच्या मदतीने कपाट दुसऱ्या भिंतीला लावलं. केबलवाल्याने डबा बदलून दिला. काही उपयोग झाला नाही. पहिली वेळ सोडली तर तुटलेलं मला नेहमी संध्याकाळी सातला, शाळेतून आल्यावर कळायचं, एवढं वहीत दिसत होतं. त्यातून मी निष्कर्ष काढला की संध्याकाळी इमारतीत सगळे मोबाइल लावून बसतात, त्याचा भार येत असावा.

सासरे हे सगळं बघत होते. "पंखा आहे की जावई?" ते एकदा म्हणाले. "किती मनधरणी करायची त्याची!"

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला. पलीकडची मुलगी अदबीने बोलत होती. तिने नंबर विचारला, मी पतींचा सांगितला.

"मॅडम, अकाउंट सर के नाम पे है. एक मिनिट सर से बात करा दीजिए."

"सर बाहर गये हैं," मी म्हणाले.

"कब तक आएँगे, मॅडम?"

मी म्हणाले, शाम को. तिने खरोखर संध्याकाळी फोन केला, त्यांच्याच नंबरवर. फोन त्यांच्या उशीशी वाजत राहिला आणि मी खोलीच्या दारात उभी राहून तो थांबायची वाट पाहिली. त्यांचा नंबर मी बंद होऊ देत नव्हते, कारण मोबाइलमधलं ते खातं मधूनच बाहेर पडायचं आणि आत जायला त्याच नंबरवर कोड यायचा. बहिणीने नाशिकला चार दिवस बोलावलं, मी गेले नाही. शाळेत परीक्षा आहेत असं सांगितलं. परीक्षा नव्हत्या. चार दिवसांत कनेक्शन तुटलं असतं तर जोडायला घरात कोणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. कनेक्शन तुटलेलं असायचं आणि झोपेपर्यंत जोडून व्हायचं नाही, त्या रात्री मला पहाटे जाग यायची नाही. मी सहापर्यंत झोपायचे. जागी झाल्यावर आधी बरं वाटायचं आणि मग त्या बरं वाटण्याचा राग यायचा.

शेवटी एका शनिवारी मी कॅम्प पाचला त्या दुकानात गेले. दुकानदार सिंधी आहे, पांढरे केस, काउंटरवर हिशेबाच्या वहीऐवजी नेहमी उघडलेला एखादा पंखा. त्याने मला ओळखलं.

"अरे ताई! साहेब नाही आले? ते तर स्वतः पेचकस घेऊन बसायचे इथे. मी बोलायचो, साईं, नोकरी सोडा, माझ्याकडे बसा."

मी सांगितलं. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग आतून पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "बोला. पंख्याला काय झालं?"

मी वही दाखवली. त्याने पानं चाळली.

"एवढं तर कंपनी पण नाही लिहीत," तो म्हणाला. "ताई, पंखा ओके आहे. वाय-फाय पण ओके. हा पंखा आपल्या मनाने नाही विसरत. त्याला कोणी सांगितलं की विसर, तेव्हाच विसरतो. घर में कोई बटण से खेलता है?"

"लहान मूल नाही आमच्याकडे."

"बच्चा नाही तर बुजुर्ग?"

"सासरे आहेत. ते त्या पंख्याला हात लावत नाहीत."

"बरं," तो म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं. "नाहीतर एक काम करा. साहेबांच्या मोबाइलमधून काढून टाका, तुमच्या मोबाइलमध्ये नवीन घ्या. दोन मिनिटं लागतात."

"जुनी वेळ लावलेली आहे, ती राहील?"

"ती नाही राहणार. ती साहेबांच्या खात्यात आहे ना."

मी वही पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एरवी रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असते. त्या दिवशी पुस्तक घेऊन खोलीत खुर्चीवर बसले. साडेसहाला सासरे आले. मला पाहून थबकले, मग आत आले. त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला. पंखा थांबेपर्यंत वर पाहत उभे राहिले. ज्योत विझू नये म्हणून. हॉलमध्येही वंदनेच्या वेळी ते असंच करतात आणि मी ते वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यांनी मेणबत्ती लावली, हात जोडले, ओठ हलत राहिले. मग ज्योत चिमटीने विझवली आणि स्विच लावला.

हॉलचा जुना पंखा स्विच लावताच गुरगुरत निघतो. हा नवा पंखा तीन-चार सेकंद काहीच करत नाही, मग आवाज न करता सावकाश फिरू लागतो. सासऱ्यांनी वर पाहिलं. पंखा जागचा हलला नव्हता. त्यांनी स्विच बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. "ढिला झालाय हा," ते पुटपुटले आणि आणखी तीनदा खटखट केलं.

पंख्यातून बारीकशी टिंग ऐकू आली.

पुस्तक माझ्या हातात उघडंच होतं. माहितीपुस्तकातलं ते वाक्य मी डोक्यात पुन्हा वाचलं. त्याखाली मीच दोन रेघा ओढल्या होत्या. जोडण्याचा उपाय म्हणून मी ते वाचलं होतं. तुटण्याचं कारणही तेच आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही रोज असं करता?"

"रोज कुठे? कधी पटकन लागतो, कधी नाही. मला वाटलं तुला सांगावं, पण तू आधीच त्याच्या मागे लागलेली. म्हटलं आणखी एक तक्रार नको."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. पाच खटके, विसरणं, आणि पाच दहाची वेळ. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"म्हणजे पहाटे तो आपोआप बंद होतो?"

"हो."

"मला वाटायचं तू उठून बंद करतेस. भिंतीपलीकडून वाऱ्याचा आवाज थांबल्याचं कळतं मला. म्हणायचो, पोरीला थंडी वाजत असेल." ते थांबले. मग म्हणाले, "मेणबत्ती मी हॉलमध्ये लावतो."

"नको. इथेच लावा."

पंख्याबरोबर रिमोट आला होता, तो खोक्यात तसाच पडून होता. मी त्यात सेल घातले आणि तो त्यांना दिला. रिमोटने बंद केला तर वीज जात नाही, त्यामुळे पंखा विसरत नाही. सासऱ्यांना ते आवडलं नाही. भिंतीवरचं बटण चालू ठेवून खोलीबाहेर पडणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. पण ते ऐकतात. रिमोट आता फळीवर मेणबत्तीच्या बाजूला असतो. मी शेवटचं एकदा पंखा जोडला. जुना पंखा आहे का, याला हो म्हटलं.

त्यानंतर कनेक्शन तुटलं नाही. एप्रिल आला. कात्रपला एप्रिलमध्ये भिंती पहाटेसुद्धा गरम असतात. रोज पाच दहाला पंखा थांबू लागला, एकही दिवस न चुकता. माझी उशी भिजायची. शाळेत पुस्तकांवर शिक्के मारताना डोळे मिटायचे. आता दोष द्यायला वाय-फायही राहिलं नव्हतं.

एका सकाळी सासरे चहाच्या कपावरून म्हणाले, "सूनबाई, पाच दहाला त्याला उठायचं असायचं. तुला कुठे जायचं असतं?"

"कुठे नाही."

"मग?"

मी माझा कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दुपारी शाळेत जाण्यापूर्वी मी पतींचा मोबाइल उघडला. पाच दहा, रोज, बंद. बाजूला लहानशी कचऱ्याची टोपली. मी बोट तिच्यावर नेलं. मग मोबाइल पुन्हा चार्जरला लावला आणि शाळेत गेले.

बहिणीकडे मी अजून गेलेले नाही. त्यांचा नंबर चालू आहे. सासरे रोज साडेसहाला रिमोटने पंखा बंद करतात, मेणबत्ती लावतात, रिमोटने पंखा सुरू करतात आणि तो फिरू लागेपर्यंत मनात चार आकडे मोजतात. पहाटे पाच दहाला पंखा थांबतो. मी पडून राहते. सहाला उठून तो लावते.