गळतीचा राखणदार

सिप्रियानोला जगात दोन गोष्टी मुळीच खपत नसत. एक रानडुकरं आणि दुसरं सिमेंट. तिसरी त्याची थोरली बहीण आंगुस्तियास, पण तिच्याविषयी तो बोलत नसे आणि तिच्याशीही बोलत नसे. या अबोल्याला अकरा वर्षं झाली होती.

तो आमच्या बेनाल्मिर गावचा पाटकरी. एप्रिलमध्ये सिएरावरचं, म्हणजे गावामागच्या उंच डोंगररांगेवरचं, बर्फ वितळू लागलं की खांद्यावर फावडं टाकून वर जायचं, ओढ्याचं पाणी मातीच्या पाटात वळवायचं आणि डोंगराच्या कडेकडेनं तीन कोस चालवत गावात आणायचं, हे त्याचं काम. बाप पाटकरी, आजाही पाटकरी. पाट मुळात मूरांनी, म्हणजे आमच्या आधी इथं नांदलेल्या मुसलमानांनी, खोदलेला. आमच्या पूर्वजांनी मूरांना हाकललं, त्यांची घरं, तुतीची झाडं आणि पाट ठेवून घेतले, आभार मानायचे तेवढे राहून गेले.

पाट गळायचा, आणि सिप्रियानो तो गळू द्यायचा. बापानं त्याला वरच्या कुरणातल्या सात जागा दाखवून ठेवल्या होत्या. तिथं तो दरवर्षी स्वतःच्या हातानं बांध फोडी आणि पाणी जमिनीत जिरू देई. याला तो डोंगराला पाजणं म्हणे. एप्रिलात प्यालेला डोंगर ऑगस्टमध्ये, आभाळात ढगाचा टिपूस नसताना, चौकातल्या तीन तोट्यांच्या झऱ्याला पाणी देई. हे त्यानं कधी कुणाला समजावलं नाही. गावाला ठाऊकच असेल असं त्याला वाटे. गावाला वाटे, झरा संत रोकेच्या कृपेनं वाहतो.

मग शहरातून इंजिनिअर साहेब आले. त्यांच्याकडे शाश्वत विकासाची योजना होती आणि पायांत इतके नवे बूट होते की गाढवंसुद्धा वळून बघत. त्यांनी पाटाचं पाणी वर मोजलं, खाली मोजलं आणि शाळेच्या खोलीत सभा घेऊन सांगितलं, की वर दहा बादल्या शिरल्या तर गावात चारच पोचतात. मग उरलेल्या सहा कुठे जातात? सगळ्या माना सिप्रियानोकडे वळल्या. त्याचं घेवड्याचं वावर दोन खाटांएवढं. सहा बादल्या तिथं जात असत्या तर घेवड्याऐवजी मासे पिकले असते. पण संशय घ्यायला गावाला गणित लागत नाही.

सिप्रियानो उभा राहिला. बोलायची सवय नसल्यानं त्यानं टोपीच पिळून काढली.

"पाणी डोंगर पितो, साहेब."

"आजोबा," साहेब हसून म्हणाले, "डोंगराला तहान लागत नाही."

खोली खदखदून हसली. उपाय सोपा होता. पाटाला आतून सिमेंट लावायचं, म्हणजे थेंब गळणार नाही आणि गावाच्या नावाची 'शाश्वत गाव' अशी पाटी लागेल. आमच्याकडे पाटाच्या कामात मतं डोकी मोजून धरत नाहीत. ज्याच्या वाट्याला जितके तास पाणी, तितकं त्याचं मत. सगळ्यांत जास्त, एकोणीस तास, आंगुस्तियासचे, सासू आणि नवरा दोघेही वेळेवर मेल्यामुळे जमा झालेले. सिमेंटविषयी तिला काडीचं मत नव्हतं. मत होतं ते भावाविषयी. अकरा वर्षांपूर्वी चुलीवर रक्ताच्या सॉसेजचं पातेलं होतं म्हणून ती पाण्याच्या पाळीला दहा मिनिटं उशिरा आली. सिप्रियानोनं खडकावरची सावली बघून पाणी शेजाऱ्याकडे वळवून टाकलं होतं. सख्ख्या बहिणीचं. त्या साली तिची मिरची वाळली, आणि बोलणंही.

"तो नको म्हणतोय ना? मग होऊ द्या," असं म्हणून तिनं हात वर केला. त्या हाताबरोबर एकोणीस तास वर गेले आणि ठराव पास झाला.

शरदात सिमेंट लागलं. सिमेंटच्या पाटाला पाटकरी कशाला? सिप्रियानोला निरोप दिला आणि भेट म्हणून एक घड्याळ दिलं. जन्मभर सावलीवर पाळ्या वाटलेल्या माणसानं ते कोंबड्यांच्या खुराड्यात टांगलं.

मे महिन्यात दहाच्या दहा बादल्या गावात आल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात पाणी वाटांवरून वाहू लागलं, पाद्रीबाबांच्या तळघरात शिरलं, आणि मेमध्ये इतक्या पाण्याचं करायचं काय हे कुणालाच न कळल्यानं उरलेलं नदीवाटे समुद्राला मिळालं. आमच्या बर्फानं त्या वर्षी समुद्र शाश्वत झाला.

सोळा ऑगस्टला संत रोकेची जत्रा. त्या दिवशी मूर्ती झऱ्यापाशी आणायची, तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि मग गावानं प्यायचं, ही रीत. मूर्ती आली, बँड आला, साहेब आले, झऱ्यावरच्या नव्या पाटीवरचं फडकं निघालं. खाली तीनही तोट्या कोरड्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेवटी सरपंच मेल्चोरनं दुकानातून प्लॅस्टिकची बाटली आणवली आणि देवाचे पाय परमुलखातल्या पाण्यानं धुतले. लोक खाली मान घालून उभे होते. सिप्रियानोला वाटलं होतं, असा दिवस आला तर आपल्याला आनंद होईल. झाला नाही. बापाचं प्रेत पुन्हा एकदा दारात आणून ठेवल्यासारखं त्याला झालं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कुदळ घेऊन वर निघाला. कुरणाजवळ येतो तो ठोके ऐकू आले. काळ्या कपड्यांतली आंगुस्तियास, वय एकाहत्तर, मेलेल्या नवऱ्याचा घण घेऊन पाटाचं सिमेंट फोडत होती. फोडत होती, पण चुकीच्या जागी. ते मात्र त्याला बघवेना.

"तिथं नाही," तो म्हणाला. "खाली खडक आहे. पाणी मुरणार नाही."

घण थांबला. "मग कुठं? अकरा वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास, आता निदान जागा तरी सांग."

"त्या काटेरी झुडपाच्या खालच्या अंगाला."

ती तिकडं गेली. दोन घाव घातले. "माझी मिरची मेली होती."

"तू उशिरा आली होतीस, ताई."

"मेल्या, सभेच्या आधी एकदा माझ्या दारात आला असतास तर एकोणीस तास तुला दिले असते. सगळेच्या सगळे."

सिप्रियानोला रडू आलं. ते लपवायला त्यानं कुदळ उचलली. दुपारी सरपंच मेल्चोर धापा टाकत वर आला, फुटलेल्या सिमेंटभोवती फिरला, आपण काहीच पाहिलेलं नाही असं त्यानं जाहीर केलं आणि आणखी एखादी कुदळ आहे का म्हणून विचारलं. ऑक्टोबरपर्यंत सातही जागा मोकळ्या झाल्या.

पुढच्या मेमध्ये साहेब पाहणीला आले. सात भगदाडं, आणि सातांतून पाणी मजेत डोंगरात शिरतंय.

"हे कुणी केलं?"

"रानडुकरं, साहेब," मेल्चोर म्हणाला.

"डुकरं सिमेंट फोडतात?"

"आमच्याकडची फोडतात," आंगुस्तियास म्हणाली.

साहेबांनी सिप्रियानोकडे पाहिलं. हा माणूस खोटं बोलत नाही, एवढं त्यांनाही कळलं होतं. "आजोबा, तुम्हीही डुकरंच म्हणता?"

सिप्रियानोनं पुन्हा टोपी पिळली. "मी स्वतः पाहिली. पुढं एक म्हातारी मादी होती. फार खाष्ट."

बहिणीनं त्याला मागून चिमटा काढला. साहेबांनी गंभीरपणे लिहून घेतलं आणि शिफारस केली, की डुकरांपासून पाट राखायला गावानं एक कायमचा माणूस नेमावा. सभेत नाव एकच आलं, आणि सगळ्यांत आधी एकोणीस तासांचा हात वर झाला. तेव्हापासून सिप्रियानो दर महिन्याच्या अहवालात एकच ओळ लिहितो, डुकरांचा उपद्रव चालू आहे.

त्या ऑगस्टच्या जत्रेला तीनपैकी दोन तोट्या वाहत होत्या आणि तिसरी ठिबकत होती. मूर्ती आली, पाद्रीबाबांनी हात पुढे केला. आंगुस्तियासनं पहिला पेला भरला आणि देवाला वळसा घालून गर्दीत मागं उभ्या असलेल्या भावासमोर धरला. पाद्रीबाबा खाकरले.

"देव थांबेल," ती म्हणाली. "आधी डुकराला पाजू दे."