पंख तिनं डुलवले होते

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं ब्लडप्रेशर माहीत आहे, चोरून खाल्लेलं फरसाण माहीत आहे — हे नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि मी पुण्याच्या ट्रॅफिकवर बोलायला लागतो.

हडपसरच्या पलीकडे तेव्हा एक माळ होता. तिथं आमचा लहानसा ग्लायडिंगचा क्लब. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान — पुढच्या खुर्चीत शिकणारा, मागच्या खुर्चीत शिकवणारा. ते आपलं आपण उडत नाही, कुणीतरी ओढावं लागतं. आम्ही लांब दोरानं ते जीपला बांधायचो. जीप सुसाट पळायची, मागे ग्लायडर पतंगासारखं चढायचं, आणि पुरेसं उंच गेलं की वरचा माणूस दोर सोडून द्यायचा. रविवारी ती जीप मी चालवायचो. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे मान मोडून बसणाऱ्याला तेवढीच मोकळी हवा.

जीपमध्ये मागच्या सीटवर एक जण उलटा बसायचा, ग्लायडरवर डोळा ठेवून. आमच्याकडे रेडिओ नव्हता. वरून पंख डुलवले, की वेग कमी पडतोय, वाढव. शेपटी हलवली, की फार झाला. उलटा बसलेला ओरडून सांगायचा आणि मी त्याप्रमाणे पाय दाबायचो. साधी पद्धत होती, आणि तीत कधी चूक झाली नव्हती.

मग मी नवी गाडी घेतली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साली जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीवर आमची कंपनी पोसली जात होती आणि कंपनीवर मी. वडिलांनी जन्मभर सायकल मारली — आणि मी थेट डिकीवाली, पांढरीशुभ्र मोटार घेतली. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. रविवारी ती माळावर नेली. कशाला? मिरवायला, दुसरं काय!

त्याच दिवशी जीपचा क्लच गेला. सगळे हिरमुसले, पण सर्वांत जास्त वैशाली. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायची, वडील कारखान्यात कामगार. दोन बस बदलून यायची, सर्वांच्या आधी पोचायची. हात इतका हलका, की निकम सर — आमचे शिकवणारे, हवाई दलातून निवृत्त झालेले — म्हणायचे, हिला मी फक्त वजन म्हणून लागतो. त्या दिवशी सरांबरोबरचं उड्डाण नीट झालं असतं, तर पुढच्या रविवारी ती एकटी उडणार होती. तिचा पडलेला चेहरा बघून मी म्हणालो, माझी गाडी आहे की! उचलली जीभ, लावली टाळ्याला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही आवडल्या.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सांगतो.

उलटा बसणारा दार उघडायला लागला. त्याच्या बुटांना माळाची लाल माती होती. मी म्हणालो, राहू दे, मला आरशात दिसतं सगळं. तो हसून बाजूला झाला. नव्या सीटसाठी मी त्याला बसू दिलं नाही — प्लॅस्टिक होतं तरी.

दोर ताणला, गाडी पळाली, ग्लायडर उचललं गेलं. आणि इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायला लागलं. शोरूमवाल्यानं बजावलं होतं — सुरुवातीला इंजिन ताणू नका, जन्माचं खराब होईल. जळका वास आला. तापमानाचा काटा वर सरकत होता. मी आरशात पाहिलं.

पंख डुलत होते. डावा, उजवा, डावा. स्वच्छ, सावकाश, सरांनी शिकवल्याप्रमाणे. वाढव — वाढव — वाढव.

मला दिसलं. कळलंही. आणि मी पाय उचलला. जरासाच... पण उचलला. गाडीसाठी.

ग्लायडर तीनचार मजले उंच असेल. नाक कलंडलं आणि ते दगडासारखं खाली आलं. वैशालीचं मनगट मोडलं. सरांच्या पाठीचा मणका दबला, डोकं आपटलं. पडण्याआधीचं त्यांना पुढे काहीच आठवलं नाही.

नंतर पत्र्याच्या शेडमध्ये क्लबच्या मंडळींनी चौकशी केली. वैशाली हात गळ्यात बांधून उभी होती. म्हणाली, "मी पंख डुलवले होते. दादांना दिसले नसतील." बघा — तिनं मला वाट काढून दिली होती! 'नाही दिसले' एवढं म्हटलं असतं, तरी निम्मंच खोटं झालं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, उलटा माणूस का नव्हता? मी क्लायंटशी बोलतो तशा स्वच्छ, समजूतदार आवाजात म्हणालो, पंख हलताना दिसले मला. पण ती खूण नव्हती. हात डळमळत होता तिचा. नाक फार वर ओढलं होतं, वेग पडणारच. गाडीचा वेग बरोबर होता.

एकोणीस वर्षांची मुलगी आणि कंपनीतला इंजिनिअर. कुणाचं खरं मानणार? ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही — आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी. तिचं एकट्यानं उडणं लांबणीवर पडलं. हात बरा झाल्यावर आली एकदोनदा, उड्डाणाआधी इतरांच्या ग्लायडरचा पंख तोलून धरायला उभी राहिली. मग यायची थांबली.

सर पुन्हा उडू शकले नाहीत. मी त्यांना भेटायला मोसंबी घेऊन गेलो, तर कमरेचा पट्टा आवळत खिडकीपर्यंत आले आणि खाली लावलेली माझी गाडी पाहून म्हणाले, झकास आहे हो! सात वर्षांनी ती विकली, तेव्हा घेणाऱ्यानंही मान डोलावली. साहेब, इंजिन काय जपलंय तुम्ही!

गाडी विकल्यानंतरच्या दिवाळीत, हडपसरच्याच एका मॉलच्या पार्किंगमध्ये मागून हाक आली — "दादा!" चोराच्या मनात चांदणं; मी आवाज ओळखला आणि किल्ली शोधायचं नाटक केलं. वैशालीच होती. पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. हाताशी छोटी मुलगी. मुलीला म्हणाली, हे काका आमचं विमान ओढायचे बरं का.

मग ती जरा घुटमळली. "दादा, एक कधीचं बोलायचं राहिलंय. तेव्हा मी तुमच्यावर ढकलत होते. मला खरंच वाटायचं, की मी खूण केली. पण इतकी वर्षं विचार केला ना... हातच कापत असणार माझा. सरांची पाठ माझ्यामुळे गेली, आणि वर मी तुमचं नाव घेतलं. माफ करा मला."

तिची मुलगी माझ्याकडे बघत होती. आजूबाजूला गाड्या निघत होत्या. फक्त तोंड उघडण्याचं अंतर होतं — पंख तू डुलवले होतेस, मी पाहिले होते. एवढंच वाक्य. माझ्या तोंडून वाक्यं किती व्यवस्थित निघतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

मी म्हणालो, "अगं, वेडी का तू? मी तर तुला केव्हाच माफ केलंय."

तिनं डोळे पुसले, वाकून मला नमस्कार केला. मुलीलाही करायला लावला.